गार पाण्यात धुतलेला शर्ट

लॉन्ड्रीवाल्या बाईंचं एकच चुकलं, त्यांना आपल्या कामाचा फार अभिमान, असं त्यांचा वकील नंतर सगळ्यांना सांगत सुटला. त्याला बोलायला काय जातंय!

बाईंच्या धाकट्या भावानं भांडणात एकाला सळईनं मारलं. माणूस वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. त्याच दुपारी भाऊ दुकानात शर्ट घेऊन आला. "ताई, नाक फुटलं गं. एवढा धुऊन दे." ताईनं धुऊन दिला. आता भाऊ जामिनावर बाहेर, आणि पुरावा नष्ट केला म्हणून पिंजऱ्यात बाई. नुसतं धुणं हा काही गुन्हा नव्हे. बाईंनी ते जाणूनबुजून केलं, हे सरकारी वकिलाला सिद्ध करायचं होतं. "मला ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणा," असं बाईंच्या वकिलानं दहादा बजावलं होतं.

सरकारी वकील गोडीगुलाबीनं बोलत होता. "बाई, बाकीचे कपडे गरम पाण्यात. मग हाच गार पाण्यात का?"

"अहो, रक्ताला गरम पाणी लावलं की डाग पक्का बसतो. शेंबड्या पोरालाही कळतं!" कोर्टात हशा पिकला. बाई खुलल्या. "पंचवीस वर्षं हेच करतेय. नुसता डाग बघून सांगते, कशाचा आणि कसा पडला ते."

त्यांच्या वकिलानं कपाळाला हात लावला.

"तरी पाठीच्या शिवणीत थोडं रक्त सापडलंच," सरकारी वकील म्हणाला.

हे ऐकून बाईंना आधी लाज वाटली ती डाग राहिल्याची. मग त्या उसळल्या. "लपवायचं असतं तर जाळला नसता? मी धुतला, इस्त्री केली, तुटलेलं बटण लावलं. पुरावा कुणी इस्त्री करून ठेवतं का?"

न्यायाधीशांनी मान वर केली. मुद्दा बिनतोड होता. बाईंच्या वकिलाच्या जिवात जीव आला.

"पटलं," सरकारी वकील म्हणाला. "फक्त एवढं सांगा, नाकातलं रक्त पाठीवर कसं पडतं?"

ठाऊक नव्हतं, हे शब्द अगदी ओठांवर होते. पण त्या दिवशी टबावर वाकून बाईंनी ते तिरके ठिपके नीट पाहिले होते. हात उगारून मारताना मागे उडतात तसले. भाऊ समोरच्या स्टुलावर चहा पीत बसला होता.

"नाही पडत."

"मग भावाला विचारलं का नाही?"

बाईंना त्याचा संताप आला. लहानपणापासून त्याचं सगळं त्याच निस्तरत आल्या होत्या, आणि आज तो कोर्टात फिरकलासुद्धा नव्हता. त्याहून जास्त संताप आला स्वतःचा.

"विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं," त्या म्हणाल्या.

न्यायाधीशांनी टंकलेखकाला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, बरोबर आहे म्हणाल्या आणि खाली सही केली.