टाकीभाऊंच्या घरची टाकी

आपल्याच फाटकासमोर दुसऱ्याचा ट्रक उभा पाहून टाकीभाऊंनी स्कूटरचा ब्रेक इतका करकचून दाबला, की मागे बांधलेली पान्यांची पेटी सरकून त्यांच्या कमरेत बसली. ट्रकवर दोन टाक्या होत्या. एक काळी, उभी, पाण्याची. दुसरी पांढरी, आडवी, गॅसची. आणि ट्रकच्या फळीवर उभी राहून "हळू रे, फाटकाचा रंग खरवडेल!" असं ओरडणारी बाई म्हणजे दुसरंतिसरं कोणी नव्हतं, खुद्द गॉगलताई.

त्या भागात टाक्या बसवणारे दोघंच. एक टाकीभाऊ, ज्यांचं खरं नाव आता त्यांच्या सासरच्यांनाही आठवायला वेळ लागे, आणि दुसरी ही गॉगलताई. ऊन असो, आभाळ असो, हिच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा हलत नसे. नवरा तिच्या हाताखाली काम करी आणि दिवसाकाठी मोजून चार शब्द बोले. ही बया धंद्यात उतरल्यापासून भाऊंची कितीतरी कामं तिच्याकडे गेली होती. चारचौघांत भाऊ म्हणत, "पोरगी कष्टाळू आहे हो." घरी आल्यावर म्हणत, "तिला पाना कुठल्या टोकाला धरायचा तेवढं शिकवा कोणीतरी."

आता मात्र त्यांनी चेहरा हसरा केला.

"काय ताई, पत्ता चुकला वाटतं?"

"नाही भाऊ. निळं फाटक, आत जुन्या पाइपांचा ढीग. वहिनी म्हणाल्या, ढीग दिसला की समजायचं, हेच घर."

तेवढ्यात वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, पिठाचे हात घेऊन दारात आली. नवऱ्याकडे पाहून तिला जराही ओशाळल्यासारखं झालं नाही.

"आलात? बरं झालं. तो ढीग उचला आधी. गाडी आत यायचीय."

"अगं, हे काय चाललंय?"

"टाक्या बसवून घेतेय."

"मी मेलोय का?"

"भलतंसलतं बोलू नका सकाळी सकाळी. तुम्हाला सांगून सांगून माझी जीभ झिजली. म्हटलं, आता जो येईल त्याला बोलवायचं."

अर्ध्या गावाच्या डोक्यावर भाऊंनी टाक्या चढवल्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी बायको पहाटे उठून नळाखाली बादल्या लावत होती. ती कारखान्यातल्या लोकांसाठी जेवणाचे डबे करी. स्वयंपाकघरात ड्रम, पिंपं, पातेली, सगळ्यांत पाणी. भर घाईच्या वेळी सिलिंडर संपे. मग ती तो आडवा पाडून, हलवून, त्याला दोन शिव्या घालून शेवटची भाजी उतरवून घेई. आता कारखान्याच्या कँटीनचं सगळं जेवण तिच्याकडे आलं होतं. पुढच्या आठवड्यापासून सुरुवात. एवढा पसारा बादलीवर आणि सिलिंडरवर निभणं शक्य नव्हतं. "करतो गं, या रविवारी नक्की," असं भाऊ म्हणत. पण तो रविवार काही उजाडत नव्हता.

भाऊ मुकाट्यानं ढीग उचलायला लागले. वाकडे पाइप, गंजलेले वाल्व्ह, एक फुटकी टाकी, जिचा कधीतरी काहीतरी उपयोग होणार होता. ढीग हलला आणि खाली सपाट, टणक, मोकळी जागा निघाली.

"हीच," गॉगलताई म्हणाली. "गॅसची टाकी इथं."

"इथं नाही. तिकडे भिंतीलगत घ्या, सावली आहे."

"भाऊ, भिंतीला स्वयंपाकघराची खिडकी आहे. आणि तो कोपरा खोलगट. गॅस गळला तर जड असतो, खाली साचून बसेल. हे मी तुम्हाला सांगायचं?"

भाऊंना ते अर्थातच माहीत होतं. याच कारणावरून त्यांनी कितीतरी घरमालकांशी वाद घातला होता. पण आज ते घरमालक होते, आणि घरमालकाच्या अंगात येणारं सगळं त्यांच्या अंगात आलं होतं. टाकीखालच्या ओट्याचं काँक्रीट आदल्या आठवड्यातच का नाही टाकलं, असं त्यांनी विचारलं. गॉगलताईच्या नवऱ्यानं ट्रकमधून तयार सिमेंटचे दोन जाड ठोकळे उतरवून दाखवले. ठोकळे खचणार नाहीत ना? टाकी उन्हानं तापणार नाही ना? पाण्याची टाकी टिकेल ना?

"भाऊ," गॉगलताई चष्मा न काढता म्हणाली, "याच कंपनीची टाकी तुम्ही शाळेवर बसवलीत. मुख्याध्यापकांना म्हणाला होतात, 'तुमचे नातू पाणी पितील.' मी समोरच्या घरावर होते, ऐकलंय."

आत बायको खुदकन हसली. चहा आला तो दोन कपांत, गॉगलताईला आणि तिच्या नवऱ्याला. भाऊंचा कप मागाहून आला, आणि तोही टवका उडालेला.

तरी एकदा हात कामाला लागल्यावर माणूस किती वेळ फुगून बसणार? पांढरी टाकी ट्रकच्या क्रेननं उचलली, तशी ती हवेत गोल फिरायला लागली. गॉगलताईच्या नवऱ्याच्या हातून दोर निसटला. भाऊ धावले, दोर पकडला, पाय रोवून टाकी वळवली आणि अलगद ठोकळ्यांवर आणून टेकवली. कापूस ठेवावा तशी.

"वा!" गॉगलताईचा नवरा म्हणाला. दिवसाच्या चार शब्दांतला एक त्यानं भाऊंवर खर्च केला.

भाऊंची छाती फुगली. त्यांनी जमिनीत पाइपासाठी चर खणला, तांब्याचा पाइप वाकवला, स्वयंपाकघरापर्यंत नेला. मध्येच शीळही घातली. दुपारपर्यंत भाऊ आणि गॉगलताई एकमेकांचे पाने न विचारता घ्यायला लागले होते.

मग पाण्याच्या टाकीची पाळी आली.

घर एकमजली. वर सपाट गच्ची, जिना नाही. वर जायचं तर भिंतीला लावलेल्या शिडीवरून. गॉगलताई आणि तिचा नवरा वर गेले, टाकी ठेवायची लोखंडी घोडी जोडली, दोरानं काळी टाकी ओढून घेतली. मग वरून तिनं खाली डोकावून हाक मारली.

"भाऊ, या की वर! घर तुमचं, लेव्हल तुम्हीच बघा. उद्या म्हणाल, गॉगलनं वाकडी बसवली."

"येतो," भाऊ म्हणाले.

त्यांनी शिडीला हात लावला. एक पायरी चढले. दुसरी. चौथ्या-पाचव्या पायरीवर त्यांच्या तळव्यांना घाम फुटला. समोरची भिंत हळूच एका बाजूला कलल्यासारखी झाली. त्यांनी शिडीचे दांडे घट्ट आवळले. पाय वर जाईनात आणि खालीही येईनात. वर गॉगलताई वाट बघत होती. तिच्या चष्म्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, एवढासा.

"अहो!" मागून बायकोची हाक आली. "जरा खाली या बघू. गॅसची शेगडी कुठं ठेवायची, मला काही कळेना. आधी ते सांगा, मग जा वर."

भाऊ एकेक पायरी चाचपत खाली आले. बायकोनं त्यांचं मनगट धरलं आणि स्वयंपाकघरात नेलं. शेगडीची जागा खडूनं आखलेली होती. त्यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं.

तिनं त्यांना स्टुलावर बसवलं आणि पाणी दिलं.

"कधीपासून होतंय असं?" तिनं विचारलं.

"काय होतंय?"

"मला नका शिकवू."

भाऊंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. बाहेर घोडीवर हातोडा वाजत होता.

"उन्हाळ्यापासून," ते म्हणाले. "दवाखान्याच्या गच्चीवर होतो. उठून उभा राहिलो आणि सगळं गरगरलं. टाकीला मिठी मारून बसलो. तेव्हापासून वर जायचं काम आलं की टाळतो." त्यांनी पेला उगाच बाजूला सरकवला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? तुमचे कपडे मी धुते. आधी गुडघ्यांना आणि कोपरांना गच्चीवरचा चुना असायचा, घासून हात दुखायचे. आता नुसती माती. माणूस वर जायचा बंद झालाय, हे कपड्यांवरून कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

लोकांना भाऊंनी काय काय सांगितलं होतं! स्लॅब कच्चा आहे. टाक्यांचा माल येत नाहीये. पावसाळा होऊ द्या, मग बघू. एकाला तर त्यांनी सांगितलं होतं, की तुमच्या घराला टाकी शोभणार नाही.

"आणि म्हणून हिला बोलावलंस?"

"मग काय करू? तुम्हाला म्हटलं असतं 'वर चढू नका', तर ईर्ष्येनं चढला असतात. मला टाकी पाहिजे होती, आणि..." ती खडूची रेघ उगाचच पुसत म्हणाली, "तुम्हीही पाहिजे होता."

भाऊ म्हणाले, "चहा मात्र फुटक्या कपात दिलास."

"तोच एक धुतलेला होता," ती म्हणाली, आणि दोघांनाही हसू आलं.

चढावं लागलंच नाही. गॉगलताई खाली आली तेव्हा तिनं काही विचारलं नाही. हात धुता धुता, नळाकडे तोंड करून, ती म्हणाली, "भाऊ, तुम्ही सोडलेली कामं गेले कित्येक महिने माझ्याकडे येतायत. छतांचं मी निभावते. पण आता जो तो गॅसची टाकी मागतो, आणि जमिनीवरचं काम मला आवडत नाही. मघाशी दोर सुटला तेव्हा माझा तर जीवच गेला होता. खालचं तुम्ही बघा, वरचं मी. काय म्हणता?"

"आधी सांधे तपासू," भाऊ म्हणाले.

त्यांनी वाटीत साबणाचा फेस केला. टाकीत चाचणीपुरता भरून आणलेला गॅस सोडला आणि प्रत्येक सांध्यावर ब्रशनं फेस लावत, नाक जवळ नेऊन, बारकाईनं बघत गेले. एक सांधा, दुसरा सांधा. रेग्युलेटरपाशी एक बुडबुडा फुगला. भाऊंनी पान्याला जेमतेम अर्धा वेढा दिला. पुन्हा फेस. बुडबुडा नाही.

"उद्या कुठं आहे काम?" त्यांनी विचारलं.

"बेकरीत. मोठी टाकी आहे."

"बेकरीवाला जागेवरून कटकट करेल. मला ठाऊक आहे तो. मीच बोलतो त्याच्याशी."

शेगडी पेटली. निळी, एकसारखी, गोल ज्योत. बायकोनं हात जवळ नेऊन ती नुसती पाहिली. स्वयंपाकघरातल्या ड्रममधलं पाणी पंपानं वरच्या टाकीत चढवून झालं होतं. मग तिनं नळ सोडला. नळ आधी खोकला, थुंकला, आणि मग धो धो वाहायला लागला. तिनं सवयीनं खाली बादली सरकवली आणि स्वतःवरच हसून ती बाजूला केली.

ट्रक निघून गेला. ऊन उतरायला लागलं होतं. शिडी उद्या नेते म्हणून गॉगलताई ती भिंतीलाच ठेवून गेली होती.

"मी जरा बघून येते वर," बायको म्हणाली.

"तू? अगं, कशाला?"

"एवढी वर्षं या घरात राहते, गच्ची कशी आहे ते माहीत नाही. धरा शिडी."

भाऊंनी शिडी धरली. ती धपापत, देवाला आणि गुडघ्यांना हाका मारत वर पोचली. थोडा वेळ नुसती पावलं ऐकू आली. मग पावलंही थांबली.

"अहो, केवढ्या टाक्या दिसतात हो इथून! ह्या सगळ्या तुम्ही बसवल्यात?"

"सगळ्या नाही. कोणती?"

"ती कोपऱ्यावरची. काळी, लाल झाकणाची."

"शिंप्याची. वादळात झाकण उडालं होतं, दुसरं मिळालं ते लाल मिळालं."

"आणि त्या दोन, एकमेकींना चिकटून?"

"भावाभावांचं घर. एका टाकीत पटेना त्यांचं."

ती वरून खळखळून हसली. "आणि ती लांबची? उंच इमारत आहे, एकटीच आहे बघा. तिच्यावर पाखरं बसलीत."

भाऊंना काही दिसत नव्हतं. समोर भिंत होती, नुकत्याच भरलेल्या चराची ओली माती होती.

"दवाखाना," ते म्हणाले. "तिथं क्रेन पोचेना. चौघांनी खांद्यावरून नेली होती."

ती म्हणाली, "छान बसलीय हो. अगदी सरळ. आणि तिच्या पलीकडची, मोठी?"

टाकीभाऊंनी शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, डोळे मिटले आणि सांगायला लागले.