डोंगरावरचं पाणी

सोनलने माऊसचं बटण दाबलं आणि डोंगराच्या उतारावर पाणी आलं.

पडद्यावर आलं, एवढंच. तिने मागे जाऊन सगळं पुन्हा चालवून पाहिलं. नदी निळी, रान हिरवं, वस्ती तांबडी, सगळं जिथल्या तिथे. आणि वज्रेश्वरीच्या पलीकडच्या उतारावर, तिच्या बापाच्या जागेत, काही निळे चौकोन शहाण्यासारखे बसलेले. उपग्रहाचं चित्र होतं दोन हजार पाच सालच्या एप्रिलमधलं. एप्रिलात त्या उतारावर पाणी! तिथे एप्रिलात माणसाच्या घामाशिवाय दुसरं काही वाहत नाही.

"तलाव निघाला काय तुमच्याकडे?" शेजारच्या खुर्चीतल्या भावेशने मान लांब केली. "बोटिंग चालू कर ना. आपण सगळे येतो."

"गप रे तू."

"अगं, पाण्याचा धंदा बेस्ट. मंदी नाही."

भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या त्या केंद्रात दर शनिवारी हवामान, नकाशे आणि उपग्रहाची चित्रं यांचा प्रमाणपत्र वर्ग भरायचा. वर्ग विद्यापीठाचा असला तरी खाली लूमची खडखड अशी, की ढगांचे प्रकार शिकवतानाही सुनीती मॅडमना भांडल्यासारखं बोलावं लागे. सोनल पाड्यावरून एसटीने यायची. एरवी भावेशला तिने उलट टोला दिला असता. आज चेष्टा ऐकायची तिची तयारी नव्हती.

कारण सोमवारी सुनावणी होती. तिच्या बापाने, सावळ्याने, डोंगरावरच्या वनजमिनीचा हक्क मागितला होता. ती जमीन दोन हजार पाच साल सरायच्या आधीपासून कसत होतो, हे त्याला दाखवायचं होतं. एकदा दावा पुराव्याविना परत आला होता. "जुनं चित्र मी आणते," असं सोनलनेच मोठ्या तोंडाने सांगितलेलं, आणि सावळ्याने ते पाडाभर करून टाकलेलं. आता चित्रात शेत नव्हतं, पाणी होतं.

सुनीती मॅडम वाकून बघत राहिल्या.

"कॉम्प्युटरला पाणी कुठे माहीत असतं, सोनल? आपण त्याला एक रंग दाखवतो, तो तसलाच रंग हुडकत बसतो. उद्या जागेवर जाऊन ये. तिथे काय आहे ते बघ आणि मग नाव दे."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. वज्रेश्वरी जवळ आली तसे उतारांवर काळे तुकडे दिसायला लागले. दरवर्षी दिसतात. रोपं करायच्या जागेवर पालापाचोळा, कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, आणि शेण पसरून पावसाळ्याआधी भाजून काढतात, तो राब. जमीन कोळशागत होते. सोनल बघत होती, बघत होती, आणि एकदम हसली. शेजारच्या बाईने पिशवी जरा आपल्याकडे ओढून घेतली.

नदीतलं डोहाचं गडद पाणी दाखवून तिनेच कॉम्प्युटरला शिकवलं होतं, की हे पाणी. त्या बिचाऱ्याने जिथे जिथे काळं दिसलं तिथे पाणी भरलं. तो तलाव नव्हता, राब होता! आणि दुसऱ्याच्या जागेत कोणी राब भाजत नाही. जिथे ज्याचा राब, तिथे त्याचीच नागली, त्याचीच वरी. पाड्यावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुरावा चालत घरी आला होता.

घरी पोचल्या पोचल्या तिने ओट्यावर लॅपटॉप उघडला. सावळ्या हात पुसत आला. सखीकाकीही चूल सोडून आली. सखी म्हणजे सावळ्याच्या थोरल्या भावाची, सुभाषची बायको. सुभाष गेल्यापासून ती यांच्यातच राहायची. मूलबाळ नव्हतं. दावा टाकताना सगळ्या जमिनीला एकच नाव लागलं होतं, सावळ्याचं. घर एक, चूल एक, नाव एक. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"हा आपला राब, बाबा. एप्रिल दोन हजार पाच."

सावळ्याचं तोंड उजळलं. "आता काय बोलंल सायेब? वरून फोटू काढलाय म्हनावं."

सखी खाली वाकली. निळ्या चौकोनांजवळ तिने बोट नेलं, काचेला लावलं नाही.

"ह्यो तर नाल्याच्या पल्याडचा," ती म्हणाली. "आमचा ह्यो. त्या साली तुमी सगली वीटभट्टीला व्हती. सोनल तितंच चालाय शिकली. आमी दोघांनीच भाजला."

ती सरळ बोलली, कसलाही आडपडदा न ठेवता. मग भाकरी करपेल म्हणून आत गेली.

सोनलने नाल्याच्या अलीकडचा तुकडा मोठा केला. तो सावळ्याचा. तिथे हिरवं होतं, गच्च, एकसारखं. बापाने तो तुकडा भट्टीवरून आल्यावर, पुढच्या वर्षी साफ केला होता. स्वतःच्या हाताने, पाठ मोडेस्तोवर. पण पुढच्या वर्षी.

"पानी असंल त्ये," सावळ्या म्हणाला.

"बाबा?"

"तुझा कॉम्पुटर पानी बोलतो ना? मंग पानीच. तो काय येडा हाय?"

"पाण्याचा पुरावा काय कामाचा?"

"आनि तिच्या नावाचा माज्या काय कामाचा?" त्याचा आवाज चढला आणि आत ऐकू जाईल म्हणून लगेच उतरला. "तिला कोन उपाशी ठेवलाय? पन तिचा भाचा टपून बसलाय. नाव लागलं का घेऊन जाईल तिला, आनि जमीन बी. मंग मी काय खाऊ, तुझा फोटू?"

सोनलला बापाचा राग आला. त्याहून जास्त त्याची कीव आली. तिने लॅपटॉप मिटला.

रविवारी ती मोबाईल घेऊन नाल्यापलीकडे गेली. मॅडमनी जागेवर जायला सांगितलं होतं. सखी कवळं तोडायला म्हणून बरोबर आली. मोबाईलवरचा ठिपका निळ्या चौकोनावर आला तेव्हा दोघी काळ्या, भुसभुशीत मातीत उभ्या होत्या. काकीने यंदाही तिथेच भाजलं होतं.

"काकी, उद्या काय सांगू?"

"पानी हाय म्हन."

"आणि जमीन, काकी?"

"माज्या नावानं झाली का तुझा बाप तोंड फिरवील. म्हातारपनी मला जमीन पानी देनार हाय का? तुमी देनार." सखीने विळा कमरेला खोचला. "भाचा कसला, सनाला बी येत न्हाय त्यो."

मग तिने मोबाईलवरचं चित्र बघायला मागितलं. डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"ह्याच्यात मानूस दिसतो का गं?"

"नाही काकी. एवढं बारीक नाही दिसत."

"त्या साली वारा फिरलेला. ह्यांची भिवई जळली. मी हसत व्हते आनि ह्ये शिव्या घालत व्हते." मोबाईल तिने परत दिला आणि कवळं तोडायला लागली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसेच राहू दिले.

परतताना सोनलचं डोकं चालेना. ज्याची जाते तो पाणी म्हणतो, जिला मिळते तीही पाणी म्हणते. राब म्हणणारी उरली ती एकटी, आणि तिची जमीन तर कुठेच नव्हती. कॉम्प्युटरचं बरं होतं. त्याला काळं दिसलं की मोकळा.

सोमवारी तिने आंघोळ उरकली. पाकिटात त्याच चित्राच्या दोन प्रती होत्या. एकीवर निळ्या रंगापुढे "पाणी" होतं, दुसरीवर "राब". पहाटेपर्यंत एक फाडायची असं ठरवून तिने एकही फाडली नव्हती. सावळ्या अंगणात इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. त्याचे डोळे तांबारलेले होते. भिवंडीची एसटी फाट्यावर यायची वेळ झाली होती.

"फोटू घेतलास?"

"दोन घेतलेत," सोनल म्हणाली. "कुठला देऊ ते तुम्ही सांगा. मला नाही समजत."

सावळ्याने पाकीट घेतलं नाही. तो नाल्याच्या दिशेने बघत राहिला. मग घराकडे वळला. आत चुलीपुढे सखी भांडी आवरत होती.

"वहिनी," तो दारातून म्हणाला, "चपला घाल."

आतली भांडी थांबली.

"मी कशाला?"

"सायेब इचारील, राब कवा भाजला, कसा भाजला." सावळ्याने सदऱ्याची कॉलर उगाच नीट केली. "मला काय सांगता येनार? मी तवा भट्टीवर व्हतो."