लिफ्ट तपासायला आलोय

पत्ता सापडला नाही, अशी सबब सांगायची लिफ्टमिस्त्रीला आता सोय नव्हती. ती थाप त्याची मागच्या आठवड्यात मारून झाली होती. त्याच्या आदल्या आठवड्यात तर ती इमारतच पाडली असं त्याने घरी सांगितलं होतं. आणि इमारत कुठली? जिची लिफ्ट तो गेली आठ वर्षं दर महिन्याला तपासत होता ती! म्हणून या खेपेला लेक स्वतःच त्याला सोडायला आली, सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन.

"चौथा मजला, सहा वाजता, दारू सोडणाऱ्यांची बैठक," लिफ्टच्या दारात उभी राहून तिने बजावलं. "एक बैठक पुरी करून या. मग बाळ देते तुमच्याकडे. तोवर नाही म्हणजे नाही. मी इथेच थांबलेय."

आजोबा होऊन सहा महिने झाले, पण त्याने नातवाला लांबूनच पाहिलं होतं. थरथरत्या हातात बाळ द्यायचं नाही, हा लेकीचा नियम. त्यात तिचं काही चुकतंय असं त्याला स्वतःलाही म्हणता येत नव्हतं, याचंच त्याला जास्त वाईट वाटे. त्याला ते पोर एकदा उचलून घ्यायचं होतं, बस्स.

लिफ्टमध्ये आधीच तिघं उभी होती. एक उंच माणूस गालावर हात धरून, एक बाई पिशवी पोटाशी कवटाळून आणि एक मास्तरी चेहऱ्याचे वयस्क गृहस्थ, हातात किल्ली घेऊन. चौघांनाही चौथा मजला हवा होता. चौथ्या मजल्यावर एकच खोली आहे, हेही चौघांना पक्कं ठाऊक होतं.

"दाताचा डॉक्टर," कुणी विचारलं नसताना उंच माणूस म्हणाला.

"शिवणक्लास," बाईने घाईघाईने सांगितलं.

"गच्चीवर जरा वारा खायला," मास्तर म्हणाले.

तिघं आता त्याच्याकडे बघायला लागली. "मी लिफ्ट तपासायला आलोय," तो ऐटीत म्हणाला, आणि पहिल्या मजल्याच्या जरा खाली लिफ्ट गचका खाऊन थांबली.

"तपासा," बाई म्हणाली.

त्याची पाचावर धारण बसली. भिंतीवर तपासणीचं कार्ड होतं. त्यावर बारा दिवसांपूर्वीची तारीख, 'सर्व ठीक' असा शेरा आणि खाली त्याची सही. सही कार्डावर मावली नव्हती, ती पुढे भिंतीवर जाऊन संपली होती. मास्तरांनी चष्मा पुसून ती शेवटपर्यंत वाचली.

"अहो, इतकं तपासलंय तर अडकली कशी?"

"या जाळीच्या दरवाजावरच्या स्विचची पट्टी सैल आहे. एक स्क्रू नाहीये. जाळी हलली की स्विचला वाटतं दार उघडं आहे, आणि लिफ्ट थांबते."

"तुम्ही तर वर बघितलंसुद्धा नाही," बाई म्हणाली. "मग स्क्रू नाही हे कसं कळलं?"

आता पळायला जागाच नव्हती. "कारण तो माझ्याच हातून पडला. खाली, खड्ड्यात. शोधायला वाकलो असतो तर मीही गेलो असतो. म्हणून सही ठोकली आणि घरी गेलो." त्याने कार्डाकडे पाठ केली. "मी प्यायलो होतो. कामावर रोजच पीत होतो. इतकी माणसं वर-खाली नेणारी लिफ्ट, आणि माझे हात असे."

"या, तुमचं स्वागत आहे!" बैठकीतल्या सवयीने तिघं एका सुरात म्हणाली, आणि मग एकमेकांकडे बघून शरमली.

गटाचा नियमच तसा होता. खोलीबाहेर कुणी कुणाला ओळख दाखवायची नाही. तो पाळता पाळता ही तिघं सात वर्षं याच लिफ्टमध्ये दर आठवड्याला एकमेकांना त्याच थापा मारत आली होती. उंच माणसाचे सगळे दात शाबूत होते.

"किती दिवस झाले सोडून?" मास्तरांनी विचारलं.

"आजचा धरून नऊ."

तिघांनी टाळ्या वाजवल्या, तशी लिफ्ट हादरली, म्हणून त्यांनी बोटांनीच वाजवल्या.

"पट्टीखाली काहीतरी टणक सरकवायला हवं," मिस्त्री म्हणाला. बाईने पिशवी उलटी केली. त्यात एकही सुई नव्हती. शेवटी मास्तरांनी खिशातून एक पितळी बिल्ला काढला. अकरा वर्षं दारूला शिवले नाहीत म्हणून गटाने त्यांना तो दिला होता.

"परत मिळेल ना?"

"स्क्रू आणला की," मिस्त्रीने शब्द दिला. उंच माणसाच्या गुडघ्यावर चढून त्याने बिल्ला सरकवला. हात थरथरत होते, म्हणून बाईने त्याचं मनगट धरलं. लिफ्ट हलली आणि थेट खाली गेली, कारण लेक कधीपासून तळमजल्याचं बटण दाबत होती.

जाळी उघडली. समोर ती उभी. तिला इतका वेळ वर नुसते चौघांचे पाय दिसले होते. "झाली बैठक?" तिने विचारलं.

हो म्हणायला काय जात होतं! तिघं साक्षीलाही उभी राहिली असती. "नाही," तो म्हणाला. "वर पोचलोच नाही."

"ठाऊक आहे. जाळीतून सगळं ऐकू येत होतं." तिचे डोळे भरून आले होते. तिने बाळ पुढे केलं. "धरा."

"अगं, हात थरथरतायत."

"दिसतंय मला. दोन्ही लावा."

त्याने दोन्ही लावले. बाळ चांगलंच वजनदार निघालं. त्याला रडू आलं, आणि ते त्याने लपवलं नाही.

"चला आता, बैठक पुरी करायचीय. मी आहे मागे," लेक म्हणाली. तिघं एव्हाना लांब लांब अंतर ठेवून जिना चढायला लागली होती. नातवाला छातीशी धरून तो सवयीने लिफ्टकडे वळला.

"बाबा," तिने त्याची बाही धरली, "जिन्याने."