हिल्काची स्ट्रिंग

"एकतीस वर्षांचं मढं आहे हे, पुरून टाका!" यार्को सगळ्यांसमोर म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी रक्त काढणारी नर्स, प्रोग्राममधलं मला ओ की ठो कळत नाही. पण कुओपिओ शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर पेशंटची नावं छापणारा तो पास्कल नावाच्या संगणकी भाषेतला प्रोग्राम हिल्काने एकतीस वर्षांपूर्वी एकटीने लिहिलेला. शुक्रवारी ती निवृत्त होणार होती. यार्को तोच प्रोग्राम नव्या कंपायलरमधून, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या साधनातून, काढून नव्या मशीनवर बसवायला आलेला. काल नोंदवलेली नावं काल छान दिसत होती. सकाळी मशीन सुरू केलं तर नावांच्या जागी नुसता कचरा. बाहेर माणसं उपाशीपोटी ताटकळत बसलेली.

"दहापर्यंत वाट बघते," आमची मुख्य मार्युक्का म्हणाली. "नाहीतर हा प्रोग्राम बंद करू, हिल्का. कायमचा."

हिल्काचा चेहरा पडला. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"यार्को, स्ट्रिंग म्हणजे काय रे?"

"अक्षरांची माळ. शाळेतली पोरंही सांगतील."

"माझ्या जुन्या कंपायलरमध्ये तो डबा होता. अक्षरं आतच, आणि किती आहेत तो आकडा पहिल्या खणात. तुझ्या नव्यात?"

"अक्षरं मेमरीत दुसरीकडे असतात. स्ट्रिंगमध्ये फक्त त्यांचा पत्ता..." यार्को अडखळला.

"मग काल फाइलमध्ये काय गेलं?"

यार्कोने कालची फाइल उघडली.

"पत्ताच ना? नाटकाला गेल्यावर कोट ठेवून टोकन घेतो, तसं. मशीन बंद झालं तेव्हाच कोट गेला. तू रात्रभर टोकन जपलंस बाबा, आणि सकाळी तेच अंगात घालायला निघालास!"

मला हसू आवरेना.

हिल्काने त्याला उठवलं आणि प्रोग्रामच्या डोक्यावर एकच ओळ घातली: स्ट्रिंग जुन्या पद्धतीची धर. कालची नावं मी कागदावरून भराभरा सांगितली, तिने भरली. मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं.

नावं जशीच्या तशी!

"शाबास गं वाघिणी!" मी ओरडलेच. दहाला पाच मिनिटं कमी होती.

"चुकलो," यार्को म्हणाला, आणि मनापासून म्हणाला.

मार्युक्काने पहिलं लेबल फाडून हिल्काच्या हातात दिलं. "आज तूच हाक मार."

एकतीस वर्षं मागच्या खोलीत बसलेल्या हिल्काने बाहेरचं दार उघडलं.

"ओन्नी कार्व्होनेन?"

कोपऱ्यातला एक म्हातारा काठी टेकत उठला. "मीच तो."