डॉक्टरणीनं लिहिलेला शब्द

यावलच्या आरोग्य शिबिरात एका पोरसवदा डॉक्टरणीनं मंदाबाईंची साखर तपासली आणि कागदावर एक इंग्रजी शब्द लिहून दिला. शेजारच्या बेबाबाईनं मोबाइलवर त्याचा अर्थ काढला, कमजोर. तेव्हापासून मंदाबाईंचं डोकं तापलेलं. सात एकर केळी एकटीच्या हिमतीवर उभी केलेली बाई ती.

तो शब्द खरा ठरवील असं काही त्यांना कुणाला दाखवायचं नव्हतं. नऊ दिवसांपूर्वी बागेत केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापताना विळा सटकून पायाच्या अंगठ्याशेजारी लागला होता. रक्त थांबावं म्हणून त्यांनी मजूर भरतात तसा केळीचा चीक भरला आणि वर मोजा चढवला. सुनेनं विचारलं तर 'थंडी वाजते' म्हणाल्या. दुखत नव्हतं, म्हणजे बरंच झालं असणार.

शनिवारी जळगावहून नात आली, तशी तिच्यापुढे कागद धरला.

"मयुरी, तू नर्सिंग शिकू राह्यली ना? मग हा शब्द खोडून टाक."

"व्हल्नरेबल," मयुरीनं वाचलं. "कमजोर नाही गं आजी. आमच्या मॅडमनी सांगितलंय, हा शब्द लॅटिनमधून आलाय, फार जुन्या भाषेतून. तिथे वुल्नस म्हणजे जखम. ज्याला जखम होऊ शकते, तो व्हल्नरेबल."

"कोणाले नाही होत मग? त्या डॉक्टरणीले कातडं नाही का? बठ्ठ्या गावाच्या, एकूणएकाच्या कागदावर लिव्ह म्हणा."

मयुरी हसली. "लिहायलाच पाहिजे. पण साखरवाल्यांचं वेगळं असतं. त्यांना जखम दुखतच नाही. त्यांना वाटतं, बरी झाली, आणि ती आत चरत जाते."

मंदाबाईंनी मोज्यातला अंगठा हलवून पाहिला.

"अजिबात नाही दुखत?"

"अजिबात."

त्यांनी मोजा ओढून काढला. काळ्या पडलेल्या चिकाभोवती कातडी पांढुरकी, ओली झाली होती. मयुरीनं पाय मांडीवर घेतला. या पायांशी अख्खं घर वाकत आलं होतं; मांडीवर कुणी घेतले नव्हते. मंदाबाईंना पाय ओढून घ्यावासा वाटला. पण तो त्यांनी तसाच राहू दिला.

"रडू नको माझ्यादेखत."

"रडत नाहीये. बाबांना गाडी काढायला सांगते. आत्ताच जळगावला जायचं."

"सांग. पण मागे माझ्याजवळ तूच बस. तुझ्या बापाचं तोंड पाहूनच माणूस आजारी पडतं."