पुढाऱ्याचं पोट

मी उशी बोलतेय. हसू नका. डोक्याखालची उशी सगळ्यांनाच माहीत असते. मी एका पुढाऱ्याचं पोट होते, आणि एवढा मान आमच्या खानदानात दुसऱ्या कुणाला मिळाला नाही.

माझा कापूस हदगावचा. नांदेडच्या पिंजाऱ्याने मला बदडून भरलं आणि मी लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहात आले. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. पोरी पहाटे उठून गणिताला पळायच्या आणि झोपेत माझ्यावर सूत्रं पुटपुटत लाळ गाळायच्या. अमोनिया कसा तयार करतात हे मला अजून तोंडपाठ आहे. उपयोग शून्य.

मग मी नववीतल्या ऋतुजाच्या वाट्याला आले. ती किल्लारीची. भूकंपात तिची आई गेली, घर गेलं. आजोबांनी, ग्यानोबांनी, तिला वाढवलं होतं.

त्या वर्षी शाळेच्या गॅदरिंगसाठी रेणुकादास सरांनी भूकंपावर नाटक लिहिलं. सरांना नाटकापेक्षा प्रेक्षकांच्या रुमालांची काळजी जास्त. भूमिका वाटताना ते म्हणाले, "ऋतुजा, ढिगाऱ्याजवळ रडणारी पोर तू. तुला तर शिकवायचीही गरज नाही."

पण ऋतुजा रडेना. सर रोज ओरडायचे, "आठव, आठव!" आणि ती कोरडी ठणठणीत उभी. रडायचं ते ती माझ्यावर रडायची. ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं. मला सरांचा असा राग यायचा!

शेवटी ती म्हणाली, "सर, मला रडायचं न्हाई. मला नाटकातला पुढारी करू द्या."

"अगं, लोक काय म्हणतील? भूकंपातली पोर आणि लोकांना हसवतेय?"

"व्हय. म्हनू द्या."

सर नाइलाजाने तयार झाले, तेही वैष्णवीमुळे. वर्गातली ही डॉक्टरांची लेक सांगाल तेव्हा आणि सांगाल तितकं रडून द्यायची, म्हणून ढिगाऱ्याजवळची पोर ती झाली. मात्र सरांनी बजावलं, पुढारी जमला नाही तर परत ढिगाऱ्याजवळ.

ऋतुजाने मला ओढणीने पोटावर बांधलं. पहिल्या दिवशी तिने मला पुढे काढून नुसता आरडाओरडा केला. पुढारी कसला, जत्रेतला पहिलवान वाटत होता. सर म्हणाले, "रडणंच बरं होतं."

खोलीवर येऊन ती मला पोटाशी धरून बसून राहिली. तेव्हा तिला खरा पुढारी आठवला. भूकंपानंतर गावात आलेला. तो ओरडला नव्हता. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि नजर क्यामेऱ्यात. फोटो निघाला तसा हात उचलून त्याने रुमालाला पुसला होता.

दुसऱ्या दिवशी तालमीत तिने वैष्णवीच्या डोक्यावर अगदी तसाच हात ठेवला, मान वळवली आणि मधाळ आवाजात म्हणाली, "बाळ, जरा इकडं सरक. तोंडावर उजेड पडंना."

पोरं खो-खो हसली. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि भूमिका तिला देऊन टाकली.

गॅदरिंगला ग्यानोबा पहिल्या रांगेत होते. ऐन रंगात ओढणी सुटली आणि मी धपकन स्टेजवर पडले. पुढाऱ्याचं पोट पायाशी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऋतुजाने मात्र मला शांतपणे उचललं, दोन्ही हातांनी वैष्णवीला दिलं आणि म्हणाली, "घे बाळ, तातडीची मदत. आता फोटोसाठी जरा रड."

सांगाल तितकं रडणारी वैष्णवी मला तोंडावर दाबून हसत सुटली. सगळा मंडप हसत होता.

नाटक संपल्यावर ग्यानोबा पडद्यामागे आले. "तुझी माय अशीच नकला करायची," ते म्हणाले. "समद्या गल्लीला हसवायची. लई हसवायची."

ऋतुजा मला कवटाळून सगळ्यांसमोर रडली. सर तिथेच उभे होते. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

आता मी वसतिगृहाच्या माळ्यावर असते. कापसाच्या गाठी झाल्यात. खालच्या पोरींना परीक्षेपुढे नाटकबिटक सुचत नाही. तरी कुणी करणार असाल तर मला खाली काढा. पुढारी, सावकार, क्लासचे सर, कुणाचंही पोट व्हायला मी एका पायावर तयार आहे. फक्त पोरीला विचारून घ्या, तिला काय व्हायचंय ते.