उपासाला चालणारी गोळी

अनसिंगच्या पंचफुलाला तीन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती. याचं श्रेय कोणाचं, यावर घरात कधी वाद झाला नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी ती न चुकता घ्यायची आणि नवरात्राचे नऊ दिवस उपास धरायची; सासूने तसं देवीला कबूलच केलं होतं. फिट थांबली ती देवीमुळे, आणि गोळी म्हणजे आपली असू द्यावी, असा एकंदर समज होता.

यंदा पुतणी संस्कृती घटस्थापनेला आली. वाशीमला फार्मसीच्या पहिल्या वर्षाला असल्यामुळे माहीत असलेलं सगळं सांगून टाकायची तिला घाई असायची. काकूला फराळानंतर गोळी घेताना पाहिलं तशी ती म्हणाली, "काकू, गोळीत निस्तं औषध नसते बरं का. गोळी बांधाले मक्याचा स्टार्च टाकतात."

भगर निवडणाऱ्या सासूचा हात थांबला. "मका म्हंजे धान्यच झालं ना?"

संस्कृतीने पुस्तकाला स्मरून होय म्हटलं. झालं. तीन वर्षं ही बाई उपासात मका खात होती आणि देवी बिचारी सहन करत होती. सासूने गोळ्यांचा डबा आपल्या पेटीत घातला आणि पेटीला कुलूप लावलं. "दसऱ्याले काढू," ती म्हणाली.

वाशीमच्या डॉक्टरांनी पंचफुलाला बजावलं होतं, की कितीही बरं वाटलं तरी गोळी मनानं बंद करायची नाही. एकदम सोडली तर फिट पहिल्यापेक्षा जोरात येऊ शकते. थांबवायची झालीच तर आम्ही हळूहळू कमी करू. तिला ते शब्दन् शब्द आठवत होतं. पण तीन वर्षं चांगली गेली की माणसाला डॉक्टरपेक्षा आपणच शहाणे वाटू लागतो. तरी तिने नवऱ्याला, इंद्रभानला, विचारून पाहिलं. तो म्हणाला, "मायले विचार."

पंचमीच्या संध्याकाळी आरतीला शेजारणी जमल्या होत्या. टाळ्या वाजवता वाजवता पंचफुला ताठ झाली, कोसळली आणि तिचे हातपाय झटके देऊ लागले. पूर्वी वावरात किंवा बाजारात ती अशी पडली की लोक नाकाला चप्पल लावायचे. आज समोर घट होता. "अंगात आलं," शेजारची योगिनी म्हणाली, आणि चपलेऐवजी कपाळाला कुंकू लागलं. एकटी संस्कृती धावली, दिवा बाजूला सरकवून तिने काकूला कुशीवर वळवलं. दोनेक मिनिटांत झटके थांबले. पंचफुला शुद्धीवर आली तेव्हा जीभ चावली गेली होती, अंग ठणकत होतं, आणि तीन बाया तिच्या पायांवर डोकं ठेवून होत्या.

सकाळी संस्कृतीने भीतभीत डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी तिला झापलं. मग सांगितलं, नेहमीची एक गोळी आत्ताच द्या, चुकलेल्यांच्या बदल्यात जास्तीची एकही नको, आणि आजच्या आज पेशंटला घेऊन या.

पण किल्ली सासूच्या कमरेला होती, आणि सासू नारळ घेऊन आलेल्या बायांच्या गराड्यात.

"आत्याबाई, गोळी द्या. ते देवी नव्हती, मिरगी होती," पंचफुला सासूला म्हणाली.

"असं बोलू नये."

"पुन्हा आली त मी मरन."

"देवी मारते का कोनाले? दवाई घेतली त ते येनार नाही. दसऱ्यापावतर दम धर."

 तिसऱ्यांदा मागायला पंचफुलाने तोंड उघडलं, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की मागणारी पंचफुला आहे, हीच खरी अडचण आहे.

तिने अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि घटासमोर बसून घुमू लागली. अंगात ताकद नव्हती, फारसं घुमणं जमलं नाही. बायांनी तेवढ्यावर भागवलं.

"माह्या लेकराची गोळी कोनं बंद केली?"

सासूचे हात जोडले गेले. "माय, तिच्यात मका..."

"मका मीच पैदा केला. मले सांगतं? औषध माह्या उपासाले चालते. डॉक्टर म्हनन तवा, म्हनन तेवढी. एक दिस चुकवाची नाही." बोलता बोलता पंचफुलाला हुरूप आला. "योगिने, तुह्या सासऱ्याची बीपीची गोळी?"

योगिनीने मान खाली घातली. "नवरात्र झाल्यावर सुरू करतो म्हने ते."

"आज."

पेटी उघडली. सासूने गोळीला हळदकुंकू लावलं नाही, हेच नशीब. पंचफुलाने ती पाण्यासोबत गिळली आणि केस बांधले. योगिनी घाईघाईने घरी गेली.

वाशीमला जाताना ऑटोत सासू डबा मांडीवर घेऊन शेजारी बसली. खोटं बोलल्याचं पंचफुलाच्या मनाला लागलं होतं. "आत्याबाई," ती म्हणाली, "मघा ते मीच बोलली. देवी नव्हती."

सासूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुले काय आठवते त्यातलं? देवीनं सांगतलं म्हून देली गोळी. तुह्यं कोनं ऐकलं असतं?"

पंचफुला वीस वर्षं त्या घरात नांदत होती. तिला रडू आलं. मग तिने सासूच्या मांडीवरचा डबा उचलला आणि आपल्या ओटीत घेतला.